देवाघरचें ओतकाम : फ्लॉरेन्सच्या कांस्यद्वारांची कथा

ज्युबिलीचें वर्ष हें जसें आनंदाचें, तसेंच हिशेबाचेंहि वर्ष असतें. परमेश्वरानें आजवर केलेल्या उपकारांचा हिशेब प्रथम, आणि त्या उपकारांची आठवण म्हणून त्याच्या मंदिरास आपण काय अर्पावें याचा हिशेब त्यामागून. कोणी म्हणतो नवी घंटा द्यावी, कोणी म्हणतो वेदीवरील पवित्र पेटीला धातूचें नवें दार करावें, कोणाच्या मनांत आश्रयदात्या संताचा ओतीव पुतळा असतो. इच्छा सर्वांचीच चांगली. परंतु या वस्तूंचा विशेष असा कीं, त्या बाजारांत तयार मिळत नाहींत. त्या सांगून ओतवून घ्याव्या लागतात. कापड घेतांना पोत हातानें पाहतां येतो, तांदूळ घेतांना दाणा चावून पाहतां येतो. पण जी घंटा अद्याप भट्टींत वितळलीहि नाहीं, तिचा नाद कोणीं आणि कसा ऐकावा? पंचांच्या पुढें असतात तीं केवळ भावपत्रकें. एका ओताऱ्यानें अधिक मागितलेलें असतें, दुसऱ्यानें कमी. आणि देवळाचा पैसा म्हणजे गोरगरिबांच्या घामाचा पैसा, म्हणून मन साहजिकच लहान आंकड्याकडे ओढ घेतें. ही ओढ कितपत योग्य, या प्रश्नाचा विचार सहाशें वर्षांपूर्वीं एका ख्रिस्ती शहरानें फार काळजीपूर्वक केला होता. त्याची हकीकत आजच्या प्रसंगीं धर्मबंधुभगिनींपुढें ठेवावी, एवढाच या लेखाचा हेतु होय.

देवकार्यासाठीं ओतारी शोधणें हें पवित्र शास्त्राला अपरिचित नाहीं. शलमोन राजानें यरुशलेमचें मंदिर बांधिलें, तेव्हां पितळी खांब, गंगाळसागर व उपकरणीं ओतण्यासाठीं त्यानें सोर नगरांतून हीराम नांवाचा कुशल कारागीर मुद्दाम बोलावून आणिला. यार्देनेच्या सपाटीवरील चिकणमातींत हें ओतकाम झालें, आणि धातु इतका लागला कीं राजानें त्याचें वजन करविलें नाहीं, असें राजांच्या पहिल्या ग्रंथांत सांगितलें आहे. परंतु शलमोनापाशीं राजभांडार होतें. सामान्य ख्रिस्ती समाजापाशीं तें नसतें. आपल्याला वजनहि करावें लागतें आणि मोलहि विचारावें लागतें. फ्लॉरेन्सच्या व्यापाऱ्यांनीं हेंच केलें.

इटलींतील फ्लॉरेन्स शहरांत, मुख्य देवळाच्या समोर, बाप्तिस्त संत योहानाच्या नांवें एक अष्टकोनी बाप्तिस्मागृह आहे. पूर्वीं शहरांतील बालकांचा बाप्तिस्मा याच ठिकाणीं होत असे. महाकवि दान्ते यालाहि याच छताखालीं ख्रिस्तसभेंत घेण्यांत आलें. संत योहान हा नगराचा आश्रयदाता असल्यामुळें या वास्तूवर सर्व नागरिकांचें विलक्षण प्रेम होतें. तिच्या देखभालीचें काम ‘कालिमाला’ नांवाच्या व्यापारी श्रेणीकडे सोंपविलेलें होतें. ही श्रेणी परदेशांतून लोकरी कापड आणून, त्याला रंग व झिलई देऊन तें पुनः विकणाऱ्या सावकारांची. म्हणजे हे पंच कलावंत नव्हते, धर्मगुरुहि नव्हते. मालाची पारख आणि जमाखर्चाची शिस्त यांत वाढलेले ते गृहस्थ होते. हें लक्षांत ठेवलें म्हणजे पुढील हकीकतीचें मर्म कळतें.

बाप्तिस्मागृहाला तीन दारें. त्यांपैकीं एक धातूचें करावें असें या श्रेणीनें इ. स. १३२९ मध्यें ठरविलें. ठरवितांच त्यांनीं कोणालाहि विसार देऊन टाकला नाहीं. प्रथम त्यांनीं आपला एक माणूस पिसा शहरीं पाठविला, कां कीं तेथील देवळाला कांशाचीं दारें होतीं; त्यांचीं चित्रें काढून आणावीं ही त्याला आज्ञा. तेथून त्यानें व्हेनिसला जाऊन या कामाचा वाकबगार ओतारी शोधावा, हें दुसरें काम. दाराची रचना व मूर्ति आंद्रेआ पिसानो या शिल्पकारानें १३३० पासून सिद्ध केल्या, आणि ओतकाम व्हेनिसच्या ओताऱ्याकडून करविण्यांत आलें. १३३६ मध्यें तें द्वार उभें राहिलें. त्यावर एकंदर २८ चौकटी आहेत. २० चौकटींत संत योहानाचें चरित्र आणि ८ चौकटींत सद्गुणांच्या मूर्ति. मूर्ति घडविणारा एक आणि धातु ओतणारा दुसरा, हा भेद त्या व्यापाऱ्यांनीं तेव्हांच ओळखला होता. चांगलें चित्र काढणारा मनुष्य चांगला ओतारी असेलच असें नाहीं, ही गोष्ट आजहि पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं.

येथें ओतकामाची रीत थोडक्यांत सांगितली पाहिजे. कारण ती कळल्याशिवाय भावपत्रकांतील आंकड्यांचा अर्थ लागत नाहीं. प्रथम मेणाची प्रतिमा करितात. पोकळ काम हवें असल्यास आंत मातीचा गाभा असतो व त्यावर मेणाचा पातळ थर देतात. मेणाला रस आंत जाण्याच्या व वारा बाहेर पडण्याच्या नळ्या जोडून भोंवतीं बारीक मातीचे लेप चढवितात. मग हा साचा भट्टींत भाजला म्हणजे मेण वितळून निघून जातें आणि त्याच्या जागीं पोकळी राहते. त्या पोकळींत तांबें व कथील यांचा तप्त रस ओततात. आपल्याकडील ओतारीहि देवमूर्ति याच रीतीनें शतकानुशतकें ओतीत आले आहेत. ऐकण्यास हें सोपें वाटतें. पण साच्यांत किंचित् ओल राहिली, तर वाफ होऊन धातूंत भोकें पडतात. वाऱ्याला वाट मिळाली नाहीं, तर बोटें, नाकें, वस्त्रांच्या कडा अपुऱ्या राहतात. एक भाग जाड व दुसरा पातळ झाला, तर दोन्ही सारख्या वेळांत थंड न झाल्यामुळें तडा जातो. आणि हें सर्व कळतें केव्हां, तर साचा फोडल्यावर. तोंपर्यंत महिन्यांची मेहनत मातीच्या आड झांकलेली असते. साचा फोडल्यावरहि काम संपत नाहीं. नळ्यांचे बुंधे कापणें, कानसणें, छिन्नीनें केस व पिसें कोरणें, उजाळा देणें, मुलामा चढविणें, हें सारें पुढेंच असतें. तेव्हां ओताऱ्याच्या किंमतींत धातु असतो, सरपण असतें, मजुरी असते. आणि यांशिवाय न दिसणारी एक रक्कम असते, ती म्हणजे साचा फसल्यास तो पुनः करण्याच्या जोखमीची. जो फार कमी मागतो, त्यानें बहुधा हीच रक्कम सोडलेली असते.

आतां मुख्य कथेकडे वळूं. इ. स. १४०० मध्यें फ्लॉरेन्समध्यें महामारी येऊन गेली होती. उत्तरेकडून मिलानचा ड्यूक जानगालेआत्सो विस्कोंती एकामागून एक शहरें घेत चालला होता, आणि १४०२ च्या सप्टेंबरांत तो मरण पावला तेव्हांच फ्लॉरेन्सचें संकट टळलें. अशा भीतीच्या दिवसांत, १४०१ सालीं, कालिमाला श्रेणीनें बाप्तिस्मागृहाच्या दुसऱ्या कांस्यद्वारासाठीं कारागिरांना जाहीर बोलावणें केलें. लोरेंझो घिबर्ती हा तेव्हां अवघा बाविसतेवीस वर्षांचा तरुण शहर सोडून पेसारो येथें भिंतीवरील चित्रें रंगवीत होता. ही वार्ता ऐकून तो परत आला. त्याच्याखेरीज आणखी सहा जण पुढें झाले : फिलिप्पो ब्रुनेलेस्की, याकोपो देल्ला क्वेर्चा, सिमोने दा कोल्ले, निक्कोलो द’आरेझ्झो, निक्कोलो लांबेर्ती आणि फ्रांचेस्को दि वाल्दाम्ब्रिनो. एकंदर सात उमेदवार.

श्रेणीनें या सातांना, तुम्ही काय घ्याल, एवढेंच विचारलें नाहीं. तिनें प्रत्येकाला धातूचे चार तक्ते दिले, एक वर्षाची मुदत दिली, आणि सर्वांना एकच विषय नेमून दिला : उत्पत्तीच्या २२ व्या अध्यायांतील अब्राहामाची कसोटी. एका विशिष्ट आकाराची, सुमारें दीड फूट उंचीची चौकट. तिच्यांत अब्राहाम, वेदीवर बांधलेला इसहाक, हात अडविणारा देवदूत, झुडुपांतला एडका, खालीं थांबलेले दोन चाकर व त्यांचें गाढव, इतकें सर्व बसलें पाहिजे. या विषयांत उघडें शरीर आहे, वस्त्र आहे, जनावर आहे, डोंगर आहे, पंख आहेत. कारागिराच्या हाताची कसोटी पाहणारें कांहींच वगळलेलें नाहीं. आणि परीक्षक किती? स्वतः घिबर्तीनें आपल्या टिपणांत सांगितल्याप्रमाणें चौतीस. आणि तेहि चित्रकार, मूर्तिकार, सोनार अशा जाणत्या लोकांतून, फ्लॉरेन्समधून व आसपासच्या मुलुखांतून निवडलेले.

या योजनेंतील शहाणपण सूक्ष्म आहे. दोन भावपत्रकांची तुलना तेव्हांच खरी, जेव्हां दोन्ही एकाच वस्तूविषयीं असतात. एकानें धातु धरला आहे व दुसऱ्यानें नाहीं, एकानें वाहतूक व बसवणूक धरली आहे व दुसऱ्यानें ती पंचांवर टाकली आहे, एकानें पोकळ काम मनांत आणिलें आहे व दुसऱ्यानें भरीव, असें असलें म्हणजे आंकडे शेजारीं शेजारीं मांडून कांहीं उपयोग नाहीं. ती तुलना नव्हे, तो केवळ भास होय. फ्लॉरेन्सच्या व्यापाऱ्यांनीं विषय, आकार, धातु आणि मुदत या चारहि गोष्टी सर्वांना समान करून टाकल्या. मग जें भिन्न राहिलें, तें फक्त कारागिराचें कसब. आणि कसब कागदावर दिसत नसल्यामुळें त्यांनीं नमुनाच ओतवून घेतला.

सातांपैकीं दोघांचेच नमुने आज शिल्लक आहेत, घिबर्तीचा आणि ब्रुनेलेस्कीचा. दोन्ही फ्लॉरेन्सच्या बार्जेल्लो संग्रहालयांत जवळजवळ ठेवलेले आहेत. ब्रुनेलेस्कीच्या चौकटींत आवेश आहे. त्याच्या अब्राहामानें मुलाची मान पिरगळून सुरी गळ्याशीं नेली आहे, आणि देवदूतानें झेप घालून त्याचें मनगट प्रत्यक्ष धरलें आहे. पाहणाराचा श्वास रोखला जातो. घिबर्तीच्या चौकटींत निराळेंच सौंदर्य आहे. डोंगराची एक तिरपी कड सर्व प्रसंग दोन भागांत विभागते, इसहाकाचें शरीर निर्दोष आणि तजेलदार आहे, देवदूत अजून आकाशांतून उतरतो आहे. कोणतें चित्र श्रेष्ठ याविषयीं रसिकांत आजहि वाद आहे. परंतु चौकटी उलटून मागून पाहिल्या, म्हणजे वादाला जागा नाहीं असा एक फरक दिसतो. ब्रुनेलेस्कीनें एक जाड पत्रा ओतून त्यावर निरनिराळ्या ओतलेल्या भरीव मूर्ति खिळविल्या आहेत. घिबर्तीनें इसहाकासारखे थोडे भाग वगळतां बहुतेक सर्व चौकट एकसंध आणि मागून पोकळ ओतली आहे. त्यामुळें ब्रुनेलेस्कीच्या चौकटीचें वजन सुमारें २५.५ किलो भरतें आणि घिबर्तीच्या चौकटीचें सुमारें १८.५ किलो. एका चौकटीमागें सात किलोंचा फरक. आणि दाराला चौकटी अठ्ठावीस. म्हणजे जवळजवळ दोनशें किलो कांसें वांचणार! कांसें त्या काळीं महाग, आणि पुढें करारांत तें पुरविण्याचा भार श्रेणीवरच होता. कापडाच्या गठ्ठ्यांतील सूत मोजणाऱ्या सावकारांना हा हिशेब समजावून सांगण्याची गरज नव्हती.

पण केवळ बचत म्हणूनच तो फरक महत्त्वाचा होता असें नव्हे. ज्याला सबंध चौकट एका ओतांत, पातळ आणि सारख्या जाडीची उतरवितां येते, त्याचा साच्यावर व भट्टीवर ताबा आहे, असें त्यावरून सिद्ध होतें. पातळ ओत म्हणजे धातूंत केलेली चोरी नव्हे. तें कौशल्याचें प्रमाण होय. एकसंध काम खिळविलेल्या कामापेक्षां अधिक टिकतें. येथें स्वस्त आणि उत्तम हीं दोन्हीं एकाच नमुन्यांत एकत्र आलीं होतीं. आणि तीं खरोखर एकत्र आलीं आहेत कीं नाहींत, हें नमुना हातांत घेतल्याखेरीज कळलें नसतें.

निकालाविषयीं दोन साक्षी आहेत आणि त्या एकमेकींशीं जुळत नाहींत. घिबर्ती लिहितो कीं, सर्व परीक्षकांनीं व प्रतिस्पर्ध्यांनीं एकमतानें जयमाला आपणास दिली. उलट ब्रुनेलेस्कीचा चरित्रकार आंतोनियो मानेत्ती सांगतो कीं, परीक्षकांनीं काम दोघांनीं मिळून करावें असें सुचविलें होतें, परंतु फिलिप्पोनें भागीदारी नाकारली. मानेत्ती आणखी एक गोष्ट सांगतो : घिबर्ती आपला नमुना करीत असतां इतर जाणत्यांना बोलावून त्यांचें मत घेत असे व पुनःपुनः दुरुस्ती करीत असे, तर फिलिप्पो एकांतांत झपाट्यानें काम उरकीत असे. मानेत्तीनें हें घिबर्तीचें न्यून म्हणून लिहिलें. पण ज्याला वीस वर्षें पंचांच्या देखरेखीखालीं काम करावयाचें आहे, अशा कारागिराच्या ठिकाणीं हा गुणच म्हटला पाहिजे. ब्रुनेलेस्कीचेंहि अकल्याण झालें नाहीं. पुढें त्यानें वास्तुविद्येकडे लक्ष दिलें आणि १४२० ते १४३६ या काळांत फ्लॉरेन्सच्या मुख्य देवळावरील तो प्रचंड घुमट उभारला, ज्याच्यामुळें त्याचें नांव जगांत अजरामर झालें. परमेश्वर एक दार बंद करितो तेव्हां दुसरें उघडतो, या म्हणण्याला याहून चांगलें उदाहरण मिळणार नाहीं.

निवड झाली, तरी व्यवहार पुरा झाला नव्हता. २३ नोव्हेंबर १४०३ रोजीं श्रेणीनें लोरेंझो आणि त्याचा सावत्र बाप, सोनार बार्तोलो, या दोघांशीं लेखी करार केला. नवशिक्या तरुणाच्या पाठीशीं अनुभवी आणि पत असलेला माणूस जामिनासारखा बांधून घेतला, हें पाहण्याजोगें आहे. वर्षाला तीन चौकटी द्याव्या. मूर्ति, केस, उघडीं अंगें अशीं नाजूक कामें लोरेंझोनें स्वतःच्या हातानें करावीं. मदतनीस ठेवण्यास हरकत नाहीं. धातु श्रेणी पुरवील. लोरेंझोला वर्षास २०० फ्लोरिनांपर्यंत मोबदला मिळावा. अशीं त्यांत कलमें होतीं. ‘स्वतःच्या हातानें’ हे शब्द सर्वांत महत्त्वाचे. नमुना उस्तादानें करावा आणि प्रत्यक्ष काम शिकाऊ पोरांवर सोडावें, ही लबाडी सर्व देशांत व सर्व काळांत आढळते. करारानें तिचें तोंड बंद केलें.

एवढें करूनहि वेळेचा अंदाज साफ चुकला. वर्षास तीन या हिशेबानें अठ्ठावीस चौकटींना सुमारें सव्वानऊ वर्षें पुरावयाचीं; लागलीं वीस. काम रेंगाळतांना पाहून श्रेणीनें १४०७ मध्यें दुसरा करार केला. घिबर्तीनें परवानगीवांचून दुसरें काम घेऊं नये, कामाच्या प्रत्येक दिवशीं रोजंदारीच्या माणसाप्रमाणें दिवसभर राबावें, आणि जो वेळ वायां जाईल तो मांडून ठेवावा, अशी सक्ती त्यांत होती. तरीहि द्वार बसलें तें १४२४ च्या ईस्टरला. मूळची योजना जुन्या कराराचे प्रसंग दाखविण्याची होती. ती मध्यंतरीं बदलून २० चौकटींत प्रभु येशूचें चरित्र व ८ चौकटींत चार शुभवर्तमानकार आणि चार धर्मपंडित घेण्यांत आले. त्यामुळें जिंकलेला नमुनाच दारावर बसला नाहीं! एकंदर खर्च सुमारें २२,००० फ्लोरिन झाला, अशी घिबर्तीची नोंद आहे.

मग पंच फसले असें म्हणावें काय? वेळेच्या बाबतींत होय. वस्तूच्या बाबतींत मुळींच नाहीं. ज्या कारखान्यांत हें द्वार घडलें, त्यांत दोनातेल्लो आणि पाओलो उच्चेल्लो यांच्यासारखे पुढें जगद्विख्यात झालेले तरुण हाताखालीं राबले. म्हणजे श्रेणीनें एका दारासाठीं पैसे दिले आणि शहराला एक विद्यालय मिळालें. आणि पंचांनीं आपलें मत कसें दिलें? १४२५ च्या जानेवारींत तिसऱ्या दाराचें काम देण्याची वेळ आली, तेव्हां त्यांनीं स्पर्धा केलीच नाहीं. काम सरळ घिबर्तीला दिलें. ज्याचें काम वीस वर्षें डोळ्यांनीं पाहिलें, त्याची पुनः परीक्षा कसली? जुन्या करारावरील दहा मोठ्या सोनेरी चौकटींचें तें द्वार १४५२ मध्यें पुरें झालें. तें स्वर्गाच्या दारीं शोभेल असें मायकेल अँजेलो म्हणाला, अशी आख्यायिका चरित्रकार वासारीनें नमूद केली आहे, आणि त्यावरून त्याला ‘स्वर्गद्वार’ हें नांव पडलें. ४ नोव्हेंबर १९६६ च्या महापुरांत आर्नो नदीच्या पाण्यानें या दाराच्या कांहीं चौकटी निखळून पडल्या. पण फुटल्या नाहींत. दीर्घकाळ स्वच्छता व डागडुजी होऊन २०१२ पासून मूळ द्वार देवळाच्या संग्रहालयांत सुरक्षित आहे, आणि त्याच्या जागीं प्रतिकृति उभी आहे. पांचशें वर्षांनंतर महापुरानें घेतलेल्या या परीक्षेंतहि घिबर्ती उतरला, असेंच म्हणावें लागेल.

याच्या उलट एक हकीकत लंडनची. पार्लमेंटच्या मनोऱ्यावरील मोठी घंटा, जिला सर्व जग ‘बिग बेन’ म्हणतें, ती प्रथम वॉर्नर यांच्या कारखान्यानें ६ ऑगस्ट १८५६ रोजीं ओतली. ती ठरल्यापेक्षां जड, सुमारें १६ टनांची उतरली. मग तिला साजेसा नाद यावा म्हणून हातोडा ३५५ किलोंचा होता तो ६६० किलोंचा करण्यांत आला. आणि ऑक्टोबर १८५७ मध्यें घंटेला तडा गेला. ती फोडून पुनः ओतण्यासाठीं वॉर्नर यांनीं मागितलेली रक्कम फार वाटली, म्हणून काम व्हाइटचॅपेलच्या जॉर्ज मिअर्स यांना दिलें. १० एप्रिल १८५८ रोजीं दुसरी घंटा ओतली. साचा भरण्यास २० मिनिटें लागलीं, आणि धातु निवण्यास २० दिवस. मिअर्स यांचें बिल २,४०१ पौंडांचें. परंतु जुन्या घंटेचा धातु त्यांनीं घेतला असल्यामुळें त्याची किंमत वजा जातां प्रत्यक्ष द्यावे लागले फक्त ५७२ पौंड. जुना धातु हाहि पैसाच असतो, आणि त्याचा जमाखर्च भावपत्रकांत दाखवून घेतला पाहिजे, हें यावरून शिकावें.

पण स्वस्तांत सुटल्याचा आनंद फार टिकला नाहीं. जुलै १८५९ मध्यें ती घंटा वाजूं लागली, आणि सप्टेंबरांत तिलाहि तडा गेला. घंटेचा आकार व धातूचें प्रमाण, २२ भाग तांबें आणि ७ भाग कथील, हें एडमंड बेकेट डेनिसन या वकिलानें ठरविलें होतें. कथील वाढलें म्हणजे नाद खुलतो, पण धातु ठिसूळ होतो. अशा घंटेवर ओताऱ्याच्या सांगण्याहून जड हातोडा चालविला, असें कारखान्याचें म्हणणें. ओतकामच सदोष होतें व दोष भरून लपविले, असें डेनिसनचें म्हणणें. प्रकरण अब्रुनुकसानीच्या दाव्यापर्यंत गेलें, आणि वीस वर्षांनीं, १८८१ मध्यें, डेनिसनला पुनः न्यायालयांत हार खावी लागली. अखेर घंटा थोडी फिरवून, तड्यापासून दूर, हलका हातोडा मारण्याची युक्ति काढली गेली. आज ऐकूं येतो तो नाद त्या तडकलेल्या घंटेचाच होय. कृति एकाची, हात दुसऱ्याचा आणि हातोडा तिसऱ्याचा, अशी विभागणी झाली आणि दोष कोणाचा हें आधीं लिहून ठेवलें नाहीं, म्हणजे उत्तम कारखानाहि आणि उत्तम विद्वानहि एकमेकांना बुडवितात.

आपल्या किनाऱ्यावरच्या ख्रिस्ती समाजाला घंटेचें मोल वेगळें सांगावयास नको. १७३९ मध्यें वसईचा किल्ला चिमाजीअप्पांनीं घेतला, त्या मोहिमेंत देवळांच्या अनेक घंटा मराठ्यांच्या हातीं आल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरांतील घंटेवर १७२१ हा सन आहे, भीमाशंकरच्या घंटेवर क्रूसाची खूण आहे. आणि या त्याच मोहिमेंतील घंटा मानल्या जातात. ज्यांनीं त्या ओतल्या आणि ज्यांनीं वर्गणी देऊन त्या घेतल्या, त्यांचीं नांवें आज कोणी सांगूं शकत नाहीं. राज्यें बदललीं, देवळें मोडलीं, घंटांना बोलावणारा धर्महि बदलला. परंतु धातु खरा होता म्हणून नाद अद्याप खरा आहे. चांगलें ओतकाम पंचांच्या, ओताऱ्याच्या, किंबहुना राज्यांच्याहि आयुष्याला पुरून उरतें. म्हणूनच त्याची निवड एका बैठकींत, एका आंकड्यावरून करूं नये.

या कथांचें सार आपल्या व्यवहारांत कसें उतरवावें? प्रथम, आपल्याला काय हवें तें पंचांनीं आधीं आपसांत ठरवून एका कागदावर लिहावें : वजन, उंची, धातूचें प्रमाण, घंटा असल्यास स्वर, आणि तोच कागद प्रत्येक ओताऱ्याला द्यावा. धातु कोणाचा, तूट कोणाची, वाहतूक व चढविणें कोणाचें, जुन्या धातूची वजावट किती, हीं कलमें सर्वांकडून निरनिराळीं मांडून घ्यावीं. मग एकूण आंकड्याकडे पाहावें. नमुना मागावा, नमुना शक्य नसेल, तर त्या ओताऱ्यानें पूर्वीं दिलेली घंटा ज्या देवळावर असेल तेथें जाऊन ती ऐकावी, आणि दहा वर्षांनंतर ती कशी आहे हें तेथील घंटा वाजविणाऱ्यालाच विचारावें. साचा फसला किंवा तडा गेला, तर पुनः कोणाच्या खर्चानें ओतावयाचें, हें विसार देण्यापूर्वीं लिहून घ्यावें. वेळेच्या अंदाजावर मात्र फार विसंबूं नये. फ्लॉरेन्सच्या सावकारांनाहि तो साधला नाहीं. सणाची तारीख ठरवून मग घंटा सांगण्यापेक्षां, घंटा ओतून आल्यावर तिच्या आशीर्वादाचा दिवस नेमावा हें बरें.

आणि शेवटची गोष्ट मनाची. ओताऱ्याला पिळून काढलेली बचत ही देवाला अर्पण होत नाहीं. कामकऱ्याला त्याची मजुरी मिळालीच पाहिजे, असें आपल्या प्रभूनेंच सांगितलें आहे. तसेंच विधवेच्या दोन टोल्यांतून झालेल्या निधीची उधळपट्टीहि देवाला आवडत नाहीं. योआश राजाच्या काळीं मंदिराच्या डागडुजीचा पैसा ज्यांच्या हातीं दिला, त्यांच्यापाशीं हिशेब मागितला जात नसे, कारण ते सचोटीनें वागत असत, असें शास्त्र सांगतें. कालिमालाच्या पंचांनीं हिशेबहि ठेवला आणि सचोटीहि ठेवली. त्यांच्या दारावरून आजपर्यंत लक्षावधि बालकें बाप्तिस्म्याच्या कुंडाकडे नेण्यांत आलीं. आपल्या पंचांच्या हातून जी घंटा, जें दार किंवा जी मूर्ति घडेल, तिच्या खालून आपलीं मुलें, नातवंडें व पतवंडें वेदीकडे जाणार आहेत. त्यांच्यासाठीं म्हणून थोडा वेळ अधिक विचार करावा, थोडें अधिक विचारावें, आणि मग निःशंक मनानें करारावर सही करावी. ज्या परमेश्वरानें अब्राहामाचा हात योग्य क्षणीं अडविला, तोच आपल्या हातांनाहि योग्य क्षणीं अडवो आणि योग्य क्षणीं मोकळें सोडो, हीच या ज्युबिलीच्या वर्षीं त्याच्या चरणीं प्रार्थना.